नाताळच्या सुट्टीत सोलापूरला जाताय? पहिल्यांदा घरी परतणाऱ्यांसाठी

परदेशात नोकरीला लागलं की पहिली मोठी सुट्टी बहुतेकांना मिळते ती डिसेंबरच्या शेवटी. युरोप-अमेरिकेतली बरीच ऑफिसं २४ डिसेंबर ते १ जानेवारी जवळजवळ बंदच असतात, रजा कमी खर्ची पडते, मॅनेजरही कटकट न करता सोडतो. त्यामुळे तिकीट निघतं ते तिकडच्या कॅलेंडरवर. सोलापुरात मात्र २५ डिसेंबर ही एका दिवसाची सुट्टी. २६ तारखेला वडील त्यांच्या कामाला, भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत, वहिनी शाळेत, आणि साहेब हॉलमध्ये एकटेच रिमोट घेऊन बसलेले. पहिल्या खेपेला बऱ्याच जणांचा विरस इथंच होतो. तुमची सुट्टी हा घरच्यांचा कामाचा आठवडा असतो, हे धरूनच पुढचं सगळं ठरवायचं.

१. आधी कालनिर्णय, मग तिकीट

आईला व्हिडिओ कॉल लावा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयची डिसेंबर-जानेवारीची पानं दाखवायला सांगा. विमानाचे भाव त्यानंतर बघा.

पहिली तारीख बघायची ती वेळ अमावस्येची, म्हणजे आपल्या येळवसची. सोलापूर, लातूर, धाराशिव या पट्ट्यात मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेत असलेलं घर रानात असतं. कडब्याची कोप (खोपटं), तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी (पालेभाज्या आणि शेंगांची मिसळ भाजी), बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला होती, २०२५ मध्ये १९ डिसेंबरला, आणि यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या, मार्गशीर्षातली येतेय थेट ७ जानेवारी २०२७ ला. अधिक महिना आला की तारीख अशी उडी मारते. तेव्हा एखाद्या वर्षी सुट्टीत सापडली होती म्हणून यंदाही सापडेल, असं धरू नका.

दुसरं, मार्गशीर्षातले गुरुवार. घरात महालक्ष्मीचं व्रत असेल तर त्या दिवशी मांसाहार नाही, काही घरांत तर महिनाभर चूल शाकाहारीच. २०२६ मध्ये २४ आणि ३१ डिसेंबर हे दोन्ही मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. काळ्या मटणाचं स्वप्न बघत येणाऱ्याने थर्टी फर्स्टचा बेत शुक्रवारवर ढकलावा, आणि तोही घरात विचारून.

आणि तिसरा, सगळ्यात मोठा विषय: गड्डा. सिद्धरामेश्वरांची यात्रा संक्रांतीला धरून असते, साधारण १२ ते १६ जानेवारी. संक्रांत १४ ला आहे की १५ ला, त्यावर एखादा दिवस पुढेमागे होतो. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायचा विधी. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस तो उंचच उंच ध्वज कमरेच्या आधारावर तोलून धरतो, बाजूचे दोरांनी सावरतात, आणि ध्वज जरा कलला की आख्खी गल्ली श्वास रोखून बघते. मग ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा गजर होतो. अक्षतेच्या वेळी ‘दिड्डम दिड्डम सत्यम सत्यम’ म्हणता म्हणता हजारो हात एकदम उडतात. परदेशात बसून हे मोबाइलवर बघणं आणि तिथं गर्दीत उभं राहणं, यांची बरोबरी होऊच शकत नाही.

एकटे असाल, किंवा मुलं अजून शाळेत जात नसतील, तर माझा स्पष्ट सल्ला: नाताळच्या आठवड्यात ऑफिसात बसून राहा. त्या दिवसांत तिथं काम नसतं, बाकीचे सगळे रजेवर असल्यामुळे साहेबावर तुमचे उपकारही होतात. त्या बदल्यात जानेवारीचे पहिले पंधरा-सोळा दिवस मागून घ्या. २ जानेवारीला निघा, १७ ला परत फिरा. यंदा तर त्यात येळवसही सापडते. मुलांची तिकडची शाळा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडत असेल तर हा मार्ग बंद. मग डिसेंबरचे दिवस नीट वापरायचे. गड्डा अर्धामुर्धा तरी दिसतो, कारण होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे महिनाअखेरीस उभे राहायला लागलेले असतात.

घर ख्रिस्ती असेल तर हिशेब सोपा: २२ तारखेच्या आत पोचा. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं, वुरोनोको शाळा आणि हार्डिंग किंडरगार्टन ही त्याच परंपरेतली नावं. रंगभवनच्या फर्स्ट चर्चकडे २४-२५ तारखेला गर्दी असते, गाडी लांब लावून चालत गेलेलं बरं. घर ख्रिस्ती नसलं तरी शाळेतला एखादा ख्रिस्ती मित्र असेलच. २५ ला त्याच्याकडे करंजी-केक खायला जायचं चुकवू नका. शहरात त्या दिवशी खरी सुट्टी त्याच्याच घरी असते.

२. उतरायचं कुठं: मुंबई, पुणे की हैदराबाद

भाव चढतात ते डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तिकीट ऑगस्ट-सप्टेंबरात काढून टाका. दिल्लीमार्गे स्वस्त मिळालं तरी नको. डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीत तिथल्या धुक्यात विमानं तासन् तास अडकतात, आणि पुढचं मुंबईचं विमान आणि सोलापूरची गाडी असं सगळंच सुटतं.

मुंबईत उतरणार असाल तर पहिली खात्री करा की तिकिटावरची मुंबई कोणती. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. जुन्या विमानतळाच्या टर्मिनल दोनवरून आता मेट्रो थेट सीएसएमटीपर्यंत जाते, ऑक्टोबर २०२५ पासून. एक बॅग असेल तर उत्तम. तीन बॅगा आणि पोर सोबत असेल तर टॅक्सीच करा.

सकाळी उतरणाऱ्यांसाठी वंदे भारत सोयीची. दुपारी चारच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, रात्री साडेदहा-पावणेअकराला सोलापूर. बुधवारी ती मुंबईहून सुटत नाही. डब्यात सामान ठेवायची जागा बेताचीच असते, दोन मोठ्या बॅगा घेऊन शेवटच्या मिनिटाला चढलात तर पुण्यापर्यंत लोकांची बोलणी खाल. संध्याकाळी उतरणाऱ्यांना सिद्धेश्वर एक्स्प्रेस: रात्री साडेदहानंतर सुटते, झोपून उठलं की सोलापूर. पुण्यापर्यंत कसेही पोचलात तर संध्याकाळी सहाच्या सुमारास हुतात्मा एक्स्प्रेस आहेच.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, हा नियम नोव्हेंबर २०२४ पासूनचा. २० डिसेंबरची गाडी हवी असेल तर २१ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता भारतातल्या कुणीतरी संगणकासमोर बसलं पाहिजे. तत्काळच्या भरवशावर राहू नका. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि तुमच्या आधारला जोडलेला भारतातला नंबर बहुधा बंद पडलेला असतो. तो नंबर जिवंत ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी छोटा रिचार्ज मारायला भावाला सांगून ठेवलं की बँकेचे ओटीपीही येत राहतात.

आखातातून येणाऱ्यांनी हैदराबादचा विचार जरूर करावा. शमशाबादहून जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग करत सरळ एकाच महामार्गाने पाच-सहा तासांत दारात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांची तर अर्धी सोयरीक तिकडचीच, वाटेत एक जेवण नक्की होतं. मुंबईहून सोलापूर चारशे किलोमीटर, त्यात घाट आणि पुण्याची कोंडी. रात्रभर विमानात न झोपलेल्या माणसाने रात्रभर न झोपलेल्या ड्रायव्हरसोबत हा रस्ता कापू नये.

होटगी रोडच्या आपल्या विमानतळावरून २०२५ मध्ये आधी गोव्याची आणि मग मुंबईची विमानं सुरू झाली. त्या दिवशी विमान आहे का, हे निघायच्या आधी बघा, आणि वेगळं तिकीट काढलं तर आंतरराष्ट्रीय बॅगेचं वजन तिथं चालत नाही हेही लक्षात ठेवा.

३. बॅगा

काय न्यायचं, याची यादी घरच्यांकडून मागू नका. ‘काही नको, तू ये’ एवढंच उत्तर येतं आणि मग तुम्ही सुपरमार्केटमध्ये भांबावून चॉकलेटची सहा पाकिटं उचलता. त्यापेक्षा स्वतःच विचार करा. वडिलांचं बीपीचं मशीन जुनं झालंय का? आई पहाटे उठते तेव्हा पायात काय असतं? डिसेंबरात सोलापुरात दुपारी ३० अंश असतात, रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो, फरशी गार पडते. चांगले जाड मोजे आणि मऊ सपाता हे दहा चॉकलेटांपेक्षा जास्त वापरलं जातं.

सोन्याचा नियम: वर्षाहून जास्त परदेशात राहून येणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम, बाईला ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्काविना आणता येतात. नियम दागिन्यांचा आहे, बिस्किटांचा नाही. बाकी सामानाची मर्यादा बदलत असते, निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दारू दोन लिटरपर्यंत. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, मित्राने कितीही गळ घातली तरी नको.

आता एक महत्त्वाची गोष्ट. बॅग हॉलमध्ये उघडू नका. तुम्ही पोचता तेव्हा हॉलमध्ये शेजारच्या काकू, मामाची मुलं, वरच्या मजल्यावरचे अण्णा असे सगळे असतात. चेन सरकली की सगळ्यांच्या नजरा आत. कुणाच्या हातात काय पडलं याचा हिशेब तिथल्या तिथं होतो, आणि ज्याच्यासाठी काहीच नाही तो ‘मला कशाला लागतंय’ म्हणत चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात जातो. बॅग आतल्या खोलीत न्या, दार लावा, ज्याचं त्याला दुसऱ्या दिवशी हातात द्या. आलेल्या सगळ्यांपुढे फिरवायला खजुराचं किंवा गोळ्यांचं एक मोठं पाकीट वर ठेवा.

४. पहिले दोन दिवस

काही ठरवू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, पश्चिमेहून साडेतेरा. पहाटे तीनला डोळे उघडतील, आणि दुपारी दोनला आई जेवायला बसवेल तेव्हा तुम्ही ताटावर पेंगत असाल. आखातवाल्यांना दीड-अडीच तासांचाच फरक, त्यांनी एवढे लाड करून घेऊ नयेत.

उतरल्या दिवशी पार्क चौकात जाऊन डिस्को भजी खाऊ नका. जातीलच पळून कुठं! पोटाला शेंगदाण्याच्या तेलाची आणि आपल्या तिखटाची सवय परत व्हायला दोन दिवस द्या. भाकरी, ताक, मऊ भात. कडक भाकरी आमटीत कुस्करून. मग तिसऱ्या दिवशी भजी, विजापूर वेशीतले शिक कबाब, जे काय असेल ते.

घरात शिरल्यावर विचारायचा पहिला प्रश्न: पाण्याचा दिवस कधी? सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, भागाभागाचा वार ठरलेला असतो आणि मध्ये काही दिवस कोरडे जातात. उजनीचं धरण जिल्ह्यात असून ही तऱ्हा, यावर रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणाशीही अर्धा तास बोलता येतं. तिकडं रोज वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहायची सवय लागलेल्याने इथं बादली घ्यावी. पाण्याच्या दिवशी पहाटे उठून टाक्या-पिंप भरायला हात लावलात तर वहिनीच्या मनात तुमची जागा परदेशी भेटवस्तूंपेक्षा जास्त पक्की होईल.

५. भेटीगाठी

‘कवा आलास बे? किती दिवस हाईस?’ हा प्रश्न सगळीकडून येणार. उत्तर तयार ठेवा, आणि परतीची खरी तारीख सांगा. दिवस लपवले की लोक शेवटच्या दोन दिवसांत गर्दी करतात.

बाळीवेसला मोठी आत्या, जुळे सोलापुरात मामा, नीलम नगरात मावशी, विजापूर रोडला बायकोचं माहेर. एकेका घरी जाऊन चहा-पोहे घेत बसलात तर आठवडा संपला, आणि प्रत्येक घरात तेच बोलणं. शिवाय ते सगळे दिवसभर कामावर. त्यामुळे रविवार पकडा आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी बोलवा. त्यासाठी हुरड्यासारखं निमित्त नाही. स्वतःचं रान असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर ओळखीतल्या कुणाचं तरी असतंच. आणि आता शहराच्या आसपास पैसे घेऊन हुरडा खाऊ घालणारी शेतंही झाली आहेत.

हुरडा सकाळी लवकर. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, त्यात कोवळी कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भुसकट उडवायचं, आणि उरलेले हिरवे दाणे शेंगा चटणी, गूळ, दही यांच्याबरोबर तोंडात. हात भाजतात म्हणून मुलं कुरकुरतात, पण पाच मिनिटांत आजोबांच्या तळहाताकडे रांग लावतात. ज्वारी हुरड्यावर कधी येते ते पेरणीवर ठरतं. डिसेंबरच्या शेवटी काही रानांत तयार असते, काही ठिकाणी जानेवारी उजाडतो. महिनाभर आधी फोन करून विचारा. मंगळवेढ्याकडे नातेवाईक असतील तर तिकडेच जा, तिथल्या ज्वारीला जीआय मानांकन आहे ते उगाच नाही.

एवढं करूनही तीन-चार घरी जावंच लागतं: जिथं वर्षभरात कुणी गेलंय तिथं, जिथं आजारी माणूस आहे तिथं, जिथं नवी सून किंवा बाळ आलंय तिथं. या घरी फोन न करता जाऊ नका. संध्याकाळी सातनंतर जा, म्हणजे घरात माणसं असतात.

सासर-माहेराचे दिवस तिकीट काढतानाच वाटून घ्या आणि दोन्हीकडे एकदमच सांगा. सोलापुरात आल्यावर हा विषय काढला तर सुट्टीचे दोन दिवस रुसव्यात जातात, आणि त्यात शेवटी बोल लागतो तो सुनेलाच.

६. घरातली कामं

ही पायरी लोक शेवटच्या दोन दिवसांवर टाकतात. ती पहिल्या आठवड्यात घ्या.

आई-वडिलांची तपासणी आल्या आल्या करून टाका. रक्ताचा रिपोर्ट यायला एक दिवस, डॉक्टरांची वेळ मिळायला दोन, त्यांनी पुढची तपासणी लिहून दिली तर आणखी तीन. शेवटच्या गुरुवारी सुरू केलं तर अर्धवट टाकून विमानात बसाल. सोबत स्वतः आत जा. वडील डॉक्टरांना ‘काही त्रास नाही’ सांगतात आणि बाहेर येऊन गुडघा धरून बसतात, हे फोनवरून कधीच कळत नाही. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून ठेवा.

मग घर बघा, पाहुण्याच्या नजरेने. न्हाणीघरातली फरशी निसरडी आहे का? धरायला दांडी आहे का? जिन्यातला दिवा लागतो का? गॅसच्या नळीवरची मुदत उलटली का, इन्व्हर्टरची बॅटरी किती वर्षांची? प्लंबर, इलेक्ट्रिशियन तुमच्यासमोर बोलवा. तुम्ही गेल्यावर ‘बघू नंतर’ होतं. शेजाऱ्यांचे दोन नंबर स्वतःच्या फोनमध्ये घ्या आणि त्यांच्याकडे निवांत चहाला बसा. रात्री दोनला तुम्ही नाही, तेच धावणार आहेत.

बँकेचं काम असेल तर यंदाचा नाताळ वाईट पडलाय: २५ ला शुक्रवार, २६ ला चौथा शनिवार, २७ ला रविवार. सलग तीन दिवस बँका बंद. सरकारी कचेऱ्या तर सगळेच शनिवार बंद असतात. सोमवारी सगळं गाव रांगेत असेल, मंगळवारी जा. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या खात्यात) बदलून घ्यायचं असतं, अनेकांचं ते राहून गेलेलं असतं. पासपोर्ट, व्हिसा, पॅन आणि फोटो बरोबर ठेवा. आई-वडिलांच्या खात्यांवर नॉमिनी लावलेत का, हेही त्याच फेरीत. विषय काढायला अवघड जातं. ‘माझं करतोच आहे, तुमचंही बघून घेऊ’ असं म्हणून काढावा.

मुलांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असेल तर ते आणि त्यांचा पासपोर्ट एकाच पाकिटात, तुमच्याजवळ. आजीच्या कपाटात ‘नीट’ ठेवायला देऊ नका.

७. फिरणं

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर हे आई बोलली असेल तर करावंच लागतं. पण नाताळ ते नववर्ष या आठवड्यात आख्खा महाराष्ट्र तिकडेच लोटलेला असतो. अक्कलकोटला गुरुवार टाळा, तुळजापूरला मंगळवार-शुक्रवार टाळा, ३१ आणि १ तारखेला कुठंच नको. पहाटे पाचला गाडी काढली तर अक्कलकोटचं दर्शन घेऊन नाश्त्याला घरी.

मुलांना शहरातच पुष्कळ आहे. सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं, शेजारी भुईकोट किल्ला. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर पाहुणे पक्षी येतात. नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, माळढोक दिसेल अशी आशा मुलांना दाखवू नका, पण काळवीट दिसतं. आणि भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथंच सैनिकांवर उपचार करत राहिला, तिथंच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथंच गेला. परदेशात वाढणाऱ्या मुलांना सोलापूरचा हा परदेशस्थ माहीत असायला हवा. जानेवारीत थांबणार असाल तर १२ तारखेला चार हुतात्मा पुतळ्यांजवळ अभिवादनाचा कार्यक्रम असतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ मध्ये त्याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. ज्या हुतात्मा एक्स्प्रेसने तुम्ही आलात तिचं नाव त्यांच्यावरून.

८. परतीची बॅग

शेंगा चटणी, कडक भाकरी, काळा मसाला, शेंगा पोळी, एखादी चादर. तेवढ्यात वजन भरतं.

चटणी उखळात कुटलेली असेल तर तिला तेल सुटतं, आणि ते तेल प्लास्टिकच्या पिशवीतून हमखास बाहेर येतं. दोन पिशव्या, मग घट्ट झाकणाचा डबा, मग जुना टॉवेल. चटणी, मसाला, लोणचं सगळं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नको. सुरक्षा तपासणीत काढून ठेवायला लावतात. कडक भाकऱ्या पसरट डब्यात, कपड्यांच्या मधोमध. तुकडे होतातच, ते दुधात चालतात.

आता देशाप्रमाणे पथ्य. दुबई किंवा सिंगापूरला जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथं ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. घरच्या काळ्या मसाल्यात ती घातली आहे का, हे आईला आधी विचारा आणि तुमच्यापुरता मसाला वेगळा कुटून घ्या. युरोपात आणि ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणि मांस चालत नाही, म्हणजे पेढे आणि घरचं तूप इथंच संपवायचं. अमेरिकेत तांदूळ नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात जे काही खाण्याचं असेल ते अर्जावर लिहून द्या. लिहिलं आणि त्यांनी फेकलं तर नुकसान चटणीचं, लपवलं तर दंड.

चादर चाटी गल्लीत किंवा थेट कारखान्याच्या दुकानातून घ्या. स्टेशनबाहेर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते ती प्रत्येक चादर सोलापूरची नसते, पानिपतचा मालही याच नावाने खपतो. खरी चादर जड असते, तेव्हा एकच घ्या.

बॅग २३ किलोची असेल तर आदल्या रात्री २१ वर बंद करा. दारातून निघताना दोन किलो वाढणारच आहेत, आणि तेव्हा वाद घालायला वेळ नसतो.

मुंबईहून आंतरराष्ट्रीय विमानं पुष्कळदा मध्यरात्रीनंतर सुटतात. अशा वेळी सोलापुरातून सकाळी सहाची वंदे भारत बरी, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचवते आणि गाडीला उशीर झाला तरी हातात अर्धा दिवस उरतो. गुरुवारी ती सोलापुरातून नसते. त्या दिवशी निघणं भाग असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर घ्या आणि मुंबईत दिवस काढायला नातेवाइकाचं एखादं घर आधीच सांगून ठेवा.